लाल वाइन सालीतून येते

तासगाव-पलूस भागातल्या कुठल्याही बागेत पिकलेलं काळं द्राक्ष तोडून दोन बोटांत चिरडून बघा. आतला गर हिरवट-पांढरा निघतो आणि रसाला जवळपास रंगच नसतो. रंग सगळा सालीत. रस सालीसकट काही दिवस मुरला तरच वाइन लाल होते. जिभेला जाणवणारा तुरटपणा साल आणि बियांतून उतरतो, वासाचा मोठा हिस्साही सालीच्या आतल्या थरात असतो. साल लगेच बाजूला केली तर त्याच काळ्या द्राक्षाची पांढरी वाइन होते. फ्रान्सच्या शॅम्पेनमध्ये पिनो न्वार हे काळं द्राक्ष असंच वापरतात.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे सांगली जिल्ह्यानं गेल्या काही पिढ्यांत द्राक्षात जे कसब कमावलं, ते नेमकं उलट्या दिशेचं आहे. तासगाव तालुक्यातल्या बोरगावची तास-ए-गणेश घ्या किंवा सोनाका, माणिक चमन घ्या. बाजाराला मणी मोठा हवा, साल पातळ हवी, बी नको. बेदाण्यालाही पातळ सालच सोयीची. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला सांगलीचा बेदाणा याच कसबावर उभा आहे. जीए (जिबरेलिक ॲसिड) या संजीवकाचे डिप, विरळणी, गर्डलिंग (खोडाची साल गोल काढणं), शेवटच्या टप्प्यातलं भरपूर पाणी, ही सगळी मेहनत मणी फुगवायची. वाइनच्या लाल जातीला यातलं काहीही करायचं नसतं. मणी बारका, साल जाड, बी पक्व आणि घड हलका. ज्याचा हात खायच्या द्राक्षात बसलाय त्याला इथं हात आवरायला शिकावं लागतं, आणि तेच सगळ्यात अवघड.

साधं गणित मांडतो. मणी गोल धरला तर सालीचं क्षेत्रफळ आणि आतल्या रसाचं प्रमाण व्यासाच्या उलट चालतं. कॅबरने सोव्हिन्यॉंचा मणी १२ मिलिमीटरचा आणि खायच्या काळ्या जातीचा १८ मिलिमीटरचा धरा. तेवढ्याच रसामागं १२ च्या मण्यात दीडपट साल येते. म्हणजे दीडपट रंग, दीडपट तुरटपणा, तोही सालीची जाडी हिशेबात न धरता. शरद सीडलेसपासून रेड वाइन का करत नाहीत, असं बरेच जण विचारतात. करता येते, पण रंग फिका, अंग पातळ, बी नसल्यामुळं त्या बाजूचा तुरटपणाही नाही, आणि सहा महिन्यांत ती विटकरी पडते. बेंगलोर ब्लूची गोष्ट वेगळी. तिच्यात लॅब्रुस्का द्राक्षाचं रक्त आहे, त्याचा तो ओळखीचा गोडसर दर्प मिथाइल ॲन्थ्रानिलेट नावाच्या द्रव्याचा. गोड वाइनला तो चालून जातो, कोरड्या वाइनमध्ये नाही.

आपल्याकडं मन लावून करण्याजोग्या लाल जाती दोन, शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्यॉं. टेम्प्रानिल्यो, मर्लो, झिन्फान्डेल, ग्रेनाश याही देशात लागल्या आहेत. झिन्फान्डेलचा घड घट्ट असतो आणि एकाच घडात काही मणी बेदाण्यासारखे सुरकुतलेले तर काही कच्चे राहतात, त्यामुळं तोडणीचा दिवस ठरवताना डोकं उठतं. माझ्या मते उष्ण, कोरड्या माळावर शिराझच पहिली लावावी.

बाग

रान निवडताना नदीकाठची काळी सोडावी. कृष्णाकाठच्या भारी जमिनीत वेल माजतो, पानोळा (पानांचा पसारा) दाट होतो, घड सावलीत राहतो आणि सालीत रंग भरत नाही. खानापूर, कवठेमहांकाळ, तासगावचा पूर्व भाग इथली मुरमाड, उताराची, पाणी न धरणारी जमीन यासाठी बरी. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून अशा माळावर ठिबकची बाग उभी करणं शक्य झालंय. मात्र पाणी आलं म्हणून ते देत सुटायचं नाही.

खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळावर जातीचं कलम बांधतात त्याबद्दल, थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याकडं डोळे झाकून डॉगरिज लावतात, कारण तो क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो. खायच्या द्राक्षाला तो ठीक. पण डॉगरिज जोमदार आहे आणि पोटॅश जास्त उचलतो. पोटॅश मण्यात गेलं की तिथल्या टार्टरिक आम्लाशी जोडून खाली बसतं, रसाचा पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. पीएच चढलेल्या रसाची वाइन रंगानं निळसर-मळकट दिसते, लवकर म्हातारी होते, जिवाणूंना सोपी सापडते. म्हणून पाणी आणि माती फार खारट नसेल तर ११०-आर खुंट घ्यावा. याच कारणानं तोडणीच्या आधी झिरो झिरो पन्नास हे पोटॅशचं खत सोडायची सवय वाइनच्या बागेत मोडायला हवी. खायच्या द्राक्षात गोडी आणि चकाकीसाठी आपण ते देतो. वाइनच्या द्राक्षात माती-देठाच्या तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय मण्यात पाणी उतरल्यानंतर (मणी मऊ होऊन रंग धरायला लागल्यावर) पोटॅश द्यायचं नाही.

मांडवावर लाल जात चढवू नये. सरळ उभी तारेची भिंत करावी, ओळी दक्षिणोत्तर. अंतर ८ बाय ४ फूट धरलं तर एकरी साधारण १,३६० वेल बसतात. ओलांडा (वेलाचा तारेवरचा आडवा हात) जमिनीपासून तीन फुटांवर आणि त्याच्यावर तीन-चार फूट पानांची भिंत. एकरी ४ टन माल धरायचा तर वेलाला ३ किलोच्या आत भार येतो. कॅबरनेचा घड सव्वाशे ग्रॅमचा धरला तर वेलावर २३-२४ घड, म्हणजे १६ ते १८ काड्या. खायच्या बागेत एकरी दहा-बारा टन बघितलेल्या डोळ्याला ही बाग रिकामी वाटते. तशीच वाटायला हवी.

छाटण्या दोनच, आपल्या नेहमीच्या. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी. एप्रिल छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत डोळ्यात घड धरतो. त्या काळात ऊन मिळालं नाही किंवा नत्र जास्त झालं तर पुढं गोळी घड, म्हणजे नीट न घडलेले गोळीएवढे घड, दिसतात आणि मग ऑक्टोबरात काही करून उपयोग नसतो. या जातींच्या काडीच्या बुडातले डोळेही फळ देतात, त्यामुळं फळ छाटणी आखूड, दोन-तीन डोळ्यांवर घ्यायची. थॉमसन या खायच्या जातीसारखी सहा-आठ डोळ्यांची लांब काडी ठेवायची नाही. डोळे एकसारखे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग (डोळ्यांना लेप लावणं) आपण करतोच. त्यात एक गोष्ट गंभीरपणे पाळावी. पेस्टिंग करणाऱ्या माणसानं त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंब घ्यायचा नाही. हे रसायन शरीरात दारूचं पचन अर्ध्यात अडवतं. अंग लाल होणं, श्वास लागणं, रक्तदाब पडणं इथपर्यंत वेळ येते. हातमोजे तर हवेतच.

छाटणीची तारीख हा खरा जुगार. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात छाटली तर कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते आणि डाऊनी ही बुरशी ती घडासकट नेते. ऑक्टोबरच्या शेवटी छाटली तर माल मार्चच्या उन्हात पिकतो. कॅबरनेला छाटणीपासून तोडणीपर्यंत पाच महिने लागू शकतात, शिराझला थोडे कमी. युरोपात द्राक्ष पिकतं तेव्हा हवा थंड होत जाते. आपल्याकडं पिकायला सुरुवात जानेवारीच्या थंडीत होते आणि शेवट तापत्या हवेत. त्यामुळं शेवटच्या तीन आठवड्यांत गोडी धावते, आम्ल जळतं, आणि सालीतला-बियांतला तुरटपणा मात्र मागं राहतो. माझा कल सप्टेंबर अखेरीकडं आहे. डाऊनीशी फवारणीनं आणि मोकळ्या पानोळ्यानं लढता येतं, मार्चच्या उन्हाशी लढता येत नाही.

घडाजवळची पानं काढताना फक्त पूर्वेची बाजू मोकळी करायची. सकाळचं कोवळं ऊन मिळालं की सालीत रंग भरतो आणि कॅबरनेतला ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास कमी होतो. तो वास मेथॉक्सीपायराझिन नावाच्या द्रव्याचा, सावलीत वाढलेल्या घडात तो हटत नाही. पश्चिमेची पानं ठेवायचीच. दुपारी तीनच्या उन्हात उघडा पडलेला काळा मणी हवेपेक्षा बराच जास्त तापतो, आणि तेवढ्या तापात सालीतला रंग तयार होणं थांबतं, झालेलाही तुटतो. वर सनबर्न वेगळाच. पानं मणी हरभऱ्याएवढे असतानाच काढावीत, म्हणजे साल उन्हाला सरावते; पाणी उतरल्यावर एकदम उघडलेला घड भाजतो.

मण्यात पाणी उतरायला लागलं की ठिबक कमी करायचं, पण तोडायचं नाही. पाण्याचा बेताचा ताण मणी लहान ठेवतो. पाणी एकदम बंद केलं तर फेब्रुवारीच्या उन्हात मणी सुकतो, ब्रिक्समीटर (रसातली साखर मोजणारं साधन) २५ दाखवतो, आणि ती गोडी पिकल्याची नसून आटल्याची असते. शिराझमध्ये हा धोका सगळ्यात जास्त, ती जात मुळातच शेवटी मऊ पडून सुरकुतते. भुरी या बुरशीसाठी गंधक मारत असाल तर तोडणीआधी किमान महिनाभर बंद. सालीवर राहिलेलं गंधक टाकीत गेलं की यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतं आणि वाइनला कुजक्या अंड्याचा वास येतो. मिलीबग या किडीनं चिकट झालेले घड बागेतच टाकून द्यावेत. वायनरीत निवडून काढू म्हटलं की निम्मे आत जातात.

तोडणी

ब्रिक्स एकटा बघून तोडणी ठरवणं ही आपल्याकडची जुनी चूक. बागेच्या दोन्ही बाजूंनी, वरचे-खालचे, उन्हातले-सावलीतले मिळून दोनशे मणी गोळा करावेत. एकाच वेलाचा मोठा घड तोडून आणला तर आकडा खोटाच येतो. ते पिशवीत हातानं चिरडून रस गाळावा आणि तीन आकडे घ्यावेत. ब्रिक्स २३ ते २४.५, पीएच ३.४ ते ३.६ आणि एकूण आम्ल लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास. मग वीस-तीस मणी चावून बघावेत. बी तपकिरी झालंय का, दाताखाली शेंगदाण्यासारखं कुडकन फुटतं का? हिरवं बी कडू असतं. साल चावल्यावर तोंड खरखरीत कोरडं पडत असेल तर थांबावं, जांभळासारखी मऊ तुरट लागली तर तयारी करावी. पीएच ३.७ च्या पुढं निघाला असेल तर बियाची वाट बघत बसू नये. आम्ल बाहेरून घालता येतं, पण अति पिकलेल्या मालाचा मुरंब्यासारखा वास काढता येत नाही.

तोडणी पहाटे. उजाडायच्या आधी डोक्याला दिवे लावून सुरू करावी आणि ऊन चढायच्या आत संपवावी. फेब्रुवारीत पहाटेचा मणी पंधरा अंशांचा असतो, दुपारचा तीसच्या वर. तो फरक उतरवायला चिलरला (टाकी थंड करणाऱ्या यंत्राला) पुढं दिवसभर वीज खावी लागते. माल १५-२० किलोच्या क्रेटमध्येच न्यावा. ट्रॉलीत ढीग केला की खालचे घड फुटतात, रस वाटेतच आंबायला लागतो.

टाकीत

काही लोक घरच्या बरणीत करून बघायच्या विचारात असतात, म्हणून सांगतो. वाइन तयार करायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. खालचे आकडे वायनरीच्या कामाचे आहेत.

एक टन मालाचा हिशेब धरू. घडाचे देठ यंत्रानं वेगळे होतात आणि मणी जेमतेम फुटतो. मणी भरडायचा नाही, बी फुटलं की कडू तेल उतरतं. देठाचे तुकडे राहिले तर हिरवा, गवती तुरटपणा येतो. यातच पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पाण्यात विरघळवून घालायचं. त्याच्या वजनाच्या ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो, म्हणजे ४० पीपीएमसाठी (दहा लाख भागांत ४०) टनाला ७० ग्रॅम. माल सडका असेल तर थोडं जास्त. पण शंभरच्या पुढं नेलं तर पुढचं जिवाणूंकडून होणारं मॅलोलॅक्टिक आंबवण अडकतं.

आम्ल घालायचं ते आत्ताच, यीस्टच्या आधी. लिटरला १ ग्रॅम टार्टरिकनं पीएच साधारण ०.१ नं उतरतो. आपल्याकडं ३.७५ वर आलेला माल ३.५५ वर आणायला लिटरला २ ग्रॅम, म्हणजे टनातून निघणाऱ्या ७०० लिटर वाइनला १.४ किलो. सायट्रिक स्वस्त मिळतं म्हणून ते घालू नये, जिवाणू त्याचं व्हिनेगरी आम्ल करतात.

यीस्टची मात्रा शंभर लिटरला २५ ग्रॅम. त्याच्या दहापट कोमट पाणी, ३७ ते ४० अंश, वीस मिनिटं. मग टाकीतला थोडाथोडा रस त्यात घालत दोन्हींतला फरक १० अंशांच्या आत आणायचा आणि मगच ओतायचं. ३८ अंशांचं यीस्ट १५ अंशांच्या रसात थेट ओतलं की निम्मं तिथंच मरतं, आणि याची शिक्षा पाचव्या-सहाव्या दिवशी मिळते. साखर ४-५ ब्रिक्सवर येऊन आंबणं थांबतं. रसातलं यीस्टला वापरता येणारं नत्र लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास असावं. कमी असेल तर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट): लिटरला १०० मिलिग्रॅम डीएपीमधून फक्त २१ मिलिग्रॅम नत्र मिळतं. ते साखर एक तृतीयांश उतरल्यावर घालावं. निम्मी साखर गेल्यानंतर यीस्ट ते घेत नाही आणि उरलेलं नत्र दुसरेच जीव खातात. नत्राची उपासमार हेही कुजक्या अंड्याच्या वासाचं कारण आहे. तो वास सुरुवातीलाच आला तर पंप ओव्हर करताना, म्हणजे खालचा रस पंपानं वर फिरवताना, वाइन हवेतून उडवून घ्यावी. महिनाभर राहिला तर तो लसूण-कांद्याच्या वासात बदलतो आणि मग सहजी जात नाही.

आंबायला लागलं की निघणारा वायू साली वर ढकलतो आणि टाकीच्या तोंडाशी सालीचा जाड थर बसतो, ज्याला वायनरीत कॅप म्हणतात. रंग या कॅपमध्ये, रस खाली. दोघांची गाठ घालून देणं हे आठवडाभराचं काम. छोट्या उघड्या टाकीत दिवसातून तीनदा दांड्यानं कॅप खाली दाबायची. मोठ्या टाकीत खालचा रस पंपानं वर फिरवायचा, प्रत्येक वेळी टाकीतला निम्मा ते पूर्ण रस एकदा फिरेल इतका. कॅप एक दिवस कोरडी राहिली तर वर ॲसिटोबॅक्टर जिवाणू वाढून व्हिनेगर सुरू होतं. तापमान रसात न मोजता कॅपच्या मध्यात मोजावं, तिथं पाच-सात अंश जास्त असतात. एक ब्रिक्स साखर आंबली की थंड न केलेल्या टाकीचं तापमान १.३ अंशांनी चढू शकतं. २४ ब्रिक्सचा हिशेब केला की कळेल, चिलर बंद पडला तर काय होईल ते. २६ ते २८ अंश चांगले, ३२ नंतर काळजी, ३५ च्या पुढं यीस्ट मरायला लागतं. म्हणून वायनरीत जनरेटर आधी आणि लाकडी पिंपं नंतर घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

आंबायला लागलेल्या वाइनची गोडी ब्रिक्समीटरवर बघू नये, अल्कोहोल मिसळल्यानं तो चुकीचं दाखवतो. हायड्रोमीटर वापरावा. ०.९९५ च्या आसपास स्थिरावला आणि साखर लिटरला २ ग्रॅमच्या खाली आली म्हणजे वाइन कोरडी झाली. २४ ब्रिक्सपासून साधारण साडेतेरा टक्के अल्कोहोल मिळतं. आणि टाकी रिकामी केल्यावर साली काढायला माणूस आत उतरवायचा असेल तर आधी पंख्यानं हवा बदलून, मीटरनं तपासून, बाहेर दुसरा माणूस उभा करूनच. कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, वास येत नाही आणि दोन-चार श्वासांत माणूस पडतो. वाचवायला उतरलेला दुसराही पडतो.

साल कधी काढायची? रंग तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त उतरलेला असतो, पुढं थोडा कमीच होतो. तुरटपणा मात्र उतरत राहतो, आणि अल्कोहोल वाढलं की बियांचा जास्त. बी पक्व असेल तर दहा-बारा दिवस ठेवावी. हिरवं असेल तर सहाव्या दिवशी, थोडी साखर बाकी असतानाच काढून घ्यावी. आपल्याकडच्या गरम वर्षांत लवकर काढलेली वाइन बहुधा जास्त प्यावीशी होते. स्वतःहून वाहून येणारी वाइन वेगळ्या टाकीत आणि सालीला दाबून काढलेली वेगळ्या टाकीत ठेवावी. दाबलेल्यात दाट रंग असतो, कडूपणाही असतो. किती मिसळायची ते पुढं चव घेऊन ठरवता येतं, आधीच एकत्र केली तर तो पर्याय जातो.

त्यानंतरचं मॅलोलॅक्टिक आंबवण हे जिवाणूंचं काम. ईनोकॉकस ईनी कैरीसारखं टोकदार मॅलिक आम्ल मऊ लॅक्टिकमध्ये बदलतो. २० अंशांच्या आसपास, सल्फाइट न घालता, टाकी काठोकाठ भरून दोन ते सहा आठवडे. आपल्या उष्ण हवेत मॅलिक बागेतच बरंच जळालेलं असतं, त्यामुळं चवीत फरक थोडा पडतो. तरी हे पूर्ण करूनच घ्यावं, नाहीतर ते पुढं बाटलीत सुरू होतं, वाइन गढूळ होते आणि जिभेला चुरचुरते. क्रोमॅटोग्राफीच्या कागदावर मॅलिकचा ठिपका गेला की त्याच दिवशी सल्फाइट द्यायचं.

आणि इथं पीएच पुन्हा हिशेब मागतो. जिवाणू रोखायला वाइनमध्ये मोकळ्या सल्फाइटचा जो खरा कामाचा अंश लागतो, तो लिटरला अर्धा मिलिग्रॅम तरी हवा. पीएच ३.४ असताना त्यासाठी २० मिलिग्रॅम मोकळं सल्फाइट पुरतं, ३.६ ला ३१ लागतं, ३.८ ला ४९. एप्रिल-मे मधल्या आपल्या उष्म्यात ३.९ ची वाइन सांभाळणं म्हणजे रोज आगीशी खेळणं. घोड्याच्या घामासारखा, जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा वास देणारं ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट अशाच वाइनमध्ये घर करतं. सांगलीच्या मालात सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणून कोणी विचारली तर मी पीएच सांगेन.

लाकूड मी थोडक्यात आटोपतो. २२५ लिटरच्या ओक पिंपातून व्हॅनिला, लवंग, नारळाचा वास येतो आणि लाकडातून झिरपणाऱ्या हवेनं तुरटपणा गोल होतो. बारा ते अठरा महिने, खोली १६-१८ अंश, आर्द्रता ७०-७५ टक्के. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात खोली तशी राखली नाही तर पिंपातून वाइन उडते, वर पोकळी होते आणि तिथं व्हिनेगर बसतं. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी काठोकाठ भरून घ्यावं लागतं. हलक्या मालाला पिंपात घालण्यात अर्थ नाही. सुतारकामाच्या वासाखाली फळ दडपलं की ती वाइन कुठल्याही गावची होऊ शकते.

दराचा मुद्दा टाळून चालणार नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर पलूसला एमआयडीसीनं वाइन पार्क केलं, भोवती वाइनच्या बागा लागल्या. २००८-०९ च्या मंदीनंतर राज्यातल्या अनेक वायनऱ्या अडचणीत आल्या आणि खूप बागा तोडल्या गेल्या. त्यातून घ्यायची गोष्ट ही की करार टनावर आणि नुसत्या ब्रिक्सवर असेल तर शेतकरी टन वाढवणारच, त्याचा दोष नाही. एकरी चार टनांची अट घालायची असेल तर दर एकरावर ठरवा, आणि पीएच, मण्याचं वजन यांवर बोनस द्या. नाहीतर जाड सालीचं बारकं द्राक्ष कोणी पिकवणार नाही.

प्याल्यात

तुरट या चवीला मराठीत स्वतःचा शब्द आहे, ती सहा रसांपैकी एक आहे. रेड वाइन समजून घ्यायला ही मोठी सोय. जांभूळ, कच्चं केळं, सुपारी, हिरडा खाल्ल्यावर जीभ आवळते तेच टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, त्यामुळं तोंडाचा ओशटपणा जातो. चांगल्या वाइनमध्ये ते पिकल्या जांभळासारखं बारीक, सगळ्या तोंडभर पसरतं. कच्च्या मालाच्या वाइनमध्ये दातांच्या हिरड्यांवर सुपारीसारखं अडकून बसतं. तुरटपणा हा स्पर्श आहे आणि कडूपणा ही चव. दोन्ही वेगळे ओळखता आले की बी हिरवं होतं का ते वाइन पिऊन सांगता येतं.

आपल्या भागातल्या शिराझमध्ये जांभूळ, पिकलं करवंद, लवंग आणि काळी मिरी शोधावी. मिरीचा वास कल्पनेतला नाही. मिरीत असतं तेच रोटंडोन हे वासाचं द्रव्य शिराझच्या सालीतही असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. ते थंड जागी जास्त उतरतं, त्यामुळं मिरी जाणवली तर तोडणी वेळेवर आणि घड सावलीत सांभाळलेला होता असं धरायला हरकत नाही. नुसता मनुका-मुरंब्याचा वास आला तर माल उन्हात राहिला. कॅबरनेत ढोबळी मिरचीची झाक थोडी असेल तर छान, तीच पुढं असेल तर घाई झाली. नखपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास आला, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बाटली बिघडली; ओला पुठ्ठा हा बुचातल्या टीसीए या रसायनाचा, त्यात वायनरीचा हलगर्जीपणा असेलच असं नाही. तळाला काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नये, ते टार्टरिकचेच.

रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी हे युरोपातल्या थंड घरांना लागू आहे. एप्रिलात सांगलीतली खोली ३५ अंशांची असते, त्यात वाइनचं फळ दबतं आणि अल्कोहोल नाकात जातं. १६ ते १८ अंशांसाठी बाटली फ्रिजमध्ये दोन-अडीच तास ठेवून काढावी. जेवणाबरोबर घेताना एक लक्षात असू द्यावं. कांदा-लसूण मसाल्याचा तिखट रस्सा आणि साडेतेरा-चौदा टक्क्यांची, ओकमधली तुरट वाइन एकमेकांना पेटवतात. तिखट जास्त जळतं आणि वाइन कडू लागते. त्यापेक्षा सुकं मटण, भाजलेली कलेजी, तूप-तेलाचा अंश असलेलं आणि तिखट बेताचं काही घ्यावं. ओशटपणा टॅनिन कापतं. तांबड्या रश्श्याबरोबर हवीच असेल तर ओकमध्ये न ठेवलेली, हलकी शिराझ थोडी जास्त गार करून. बेदाणे समोर ठेवू नयेत. गोडाच्या पाठीवर कोरडी वाइन आंबट आणि पोकळ लागते. खारे शेंगदाणे बरे.

बाटली उघडल्यावर बूच परत लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस टिकते. न उघडलेली बाटली माळ्यावर, पत्र्याखाली ठेवू नये. एका उन्हाळ्यात ती शिजते, बूच किंचित वर येतं आणि रंगाच्या कडेला विटकरी छटा दिसते. घरात सगळ्यात गार, अंधारी जागा बहुधा खालच्या खोलीतल्या कपाटाचा तळ असतो, तिथं आडवी.